मासा पिशवीत, पिशवी कयाकवर

कयाकमधून मासे पकडणाऱ्या माणसाला किनाऱ्यावरचे बघे दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला : मोठा मासा गळाला लागला तर तोच तुम्हाला ओढून नेत नाही का? दुसरा : मिळालेला मासा एवढ्याशा होडीत ठेवता तरी कुठे? पहिल्याचे उत्तर सोपे आहे. नेतो की! थोडे अंतर ओढत नेतो, दमतो आणि मग जवळ येतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका वाक्यात संपत नाही. मासा बर्फाच्या पिशवीत जातो हे खरे, पण ती पिशवी होडीवर टिकते कशी, हा खरा प्रश्न. कयाक उलटू शकते, लाट मागून चढू शकते, आणि चौदा-पंधरा किलोची पिशवी एकदा सुटली की मासा, बर्फ आणि कधी कधी माणसाचा तोलही सोबत घेऊन जाते.

१. खळगा, खाच आणि चामड्याच्या वाद्या

होडीवर सामान बांधण्याची विद्या कयाकइतकीच जुनी आहे. ग्रीनलंड आणि उत्तर कॅनडातले इन्यूइट शिकारी लाकडाच्या किंवा हाडाच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून कयाक बनवत. पाठीवर आडव्या चामडी वाद्या ताणलेल्या असत आणि त्या घट्ट करायला हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या खुंट्या असत. भाला, त्याची दोरी, हवा भरलेला कातडी फुगा, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. बर्फाळ पाण्यात होडी फिरली तरी वस्तू जागेवर हवी आणि हात टाकताच मिळायलाही हवी. पट्टे, बकले आणि कड्यांचा आजचा सगळा बाजार याच दोन अपेक्षा पुऱ्या करण्यासाठी उभा आहे.

हौशी मासेमार आज वापरतात ती कयाक बहुतेक वेळा वरून उघडी असते. माणूस होडीच्या आत शिरत नाही, वर बसतो. कॅलिफोर्नियातल्या मालिबू इथे 1971 मध्ये टिम नीमियर याने सर्फबोर्ड पोखरून बसायची जागा केली, तिथून या प्रकाराची सुरुवात मानली जाते. पुढे पॉलिथिनची भुकटी तापत्या, फिरत्या साच्यात घालून अशा होड्या एकसंध घडवल्या जाऊ लागल्या. त्यांच्या मागच्या भागात सामानासाठी एक उथळ खळगा असतो, आणि आलेले पाणी आपोआप निघून जावे म्हणून तळापर्यंत आरपार भोके असतात. पिशवी बहुधा या खळग्यात बसते. काही पिशव्या एका बाजूला निमुळत्या शिवलेल्या असतात. त्या पुढच्या टोकावर, म्हणजे नाळेवर, आडव्या पसरतात.

अशी मासेमारी ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये चांगली रुजली आहे. या प्रकरणात उदाहरण घेऊ ते ऑकलंडसमोरच्या हौराकी आखाताचे. तिथे उन्हाळ्यात पाण्याचे तापमान 20 अंश सेल्सियसच्या आसपास असते, किनाऱ्याजवळ स्नॅपर आणि काहावाई मिळतात आणि नशीब जोरावर असेल तर किंगफिशही. (आपल्याकडे सुरमईला किंगफिश म्हणतात. तिकडचा किंगफिश निराळा.) स्नॅपर 30 सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर पाण्यात परत सोडावा लागतो आणि दिवसाला माणशी 7 पर्यंतच ठेवता येतात. म्हणजे पिशवीत फार तर सात स्नॅपर आणि एखाद-दुसरा दुसरा मासा. हा अंदाज पुढच्या हिशेबात कामाला येईल.

२. बर्फ किती?

किनारा तासाभराच्या अंतरावर असताना बर्फाचा एवढा खटाटोप कशाला, अशी शंका रास्त आहे. याचे उत्तर माशाच्या जातीत आहे. बांगडा, सुरमई, कुपा, काहावाई, किंगफिश या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य भरपूर असते. मासा मेल्यावर जिवाणू त्यापासून हिस्टॅमिन बनवतात. उष्णता वाढली की हे काम झपाट्याने होते. असा मासा खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगावर पित्त उठल्यासारखे चट्टे येतात. एकदा तयार झालेले हिस्टॅमिन शिजवून, तळून किंवा नंतर गोठवून नाहीसे होत नाही. मालवणी मसाला कितीही झणझणीत असला तरी तो त्याचे काही बिघडवू शकत नाही. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या मार्गदर्शक सूचनांत अशा माशांसाठी वेळेची मर्यादा आहे. हवा किंवा पाणी 28.3 अंशांपेक्षा गरम असेल तर मेल्यापासून 6 तासांत, त्याहून थंड असेल तर 9 तासांत मासा बर्फात गेला पाहिजे. ही कमाल मर्यादा झाली. शहाणा मासेमार मिनिटे मोजतो.

आता हिशेब. एक किलो बर्फ वितळताना सुमारे 80 किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. एक किलो मासा एक अंशाने थंड करायला साधारण 0.85 किलोकॅलरी काढून घ्यावी लागते. समजा 4 किलो मासे 20 अंशांवरून शून्यावर आणायचे आहेत. चार गुणिले वीस गुणिले 0.85, म्हणजे 68 किलोकॅलरी. एक किलोलाही थोडा कमी बर्फ पुरला.

मग लोक चार-चार किलो बर्फ का नेतात? कारण बर्फाचा मोठा ग्राहक मासा नसून पिशवीची भिंत आहे. साधारण 75 सेंटिमीटर लांब, 40 रुंद आणि 20 उंच पिशवीचे सगळे पृष्ठ मिळून एक चौरस मीटर भरते. भिंतीत 12 मिलिमीटर जाडीचा फोम असेल आणि बाहेर आत 20 अंशांचा फरक असेल, तर सहा तासांत आत शिरणाऱ्या उष्णतेपायी ढोबळमानाने पावणेतीन किलो बर्फ खर्ची पडतो. फोम 25 मिलिमीटरचा केला तर हाच खर्च पावणेदोन किलोच्या आसपास येतो. तेव्हा पिशवी विकत घेताना आतल्या चकचकीत चंदेरी अस्तराकडे पाहण्यापेक्षा भिंत बोटांत धरून दाबून पाहावी.

फोमचा प्रकारही महत्त्वाचा. त्यातले बुडबुडे एकमेकांपासून बंद असावे लागतात. उघड्या छिद्रांचा फोम पाणी पितो, आणि पाण्यातून उष्णता कोरड्या फोमच्या पंधरा-सोळा पट सहज वाहते. भिजलेली पिशवी म्हणजे नुसती जड पिशवी. स्वस्त पिशव्यांचे पातळ अस्तर स्नॅपरच्या पाठीवरच्या काट्यांनी पहिल्याच खेपेत फाटते, मग रक्तमिश्रित पाणी फोमपर्यंत पोचते आणि तो वास काही केल्या जात नाही. म्हणून आतला कप्पा जाड प्लॅस्टिकचा हवा आणि त्याचे सांधे शिवलेले नकोत, उष्णतेने जोडलेले हवेत.

हाच हिशेब कोकण किनाऱ्यावर एप्रिलमध्ये केला तर आकडे बदलतात. हवा 33 अंश आणि पाणी 29. त्याच पातळ भिंतीच्या पिशवीत सहा तासांसाठी भिंतीपायी साडेचार किलो आणि चार किलो माशांसाठी सव्वा किलो, म्हणजे पावणेसहा किलो बर्फ लागला. एवढे वजन छोट्या होडीवर वाहण्यापेक्षा जाड भिंतीची पिशवी घ्यावी, फेरी तीन तासांवर आणावी आणि पिशवीवर ओला पांढरा पंचा टाकावा.

बर्फात थोडे समुद्राचे पाणी मिसळले की मासा आणखी लवकर थंड होतो, कारण चुऱ्यातल्या मोकळ्या फटी पाण्याने भरतात आणि माशाला सगळीकडून थंडावा भिडतो. खारे पाणी शून्याखालीही पातळ राहते, तो वेगळा फायदा. पण दोन-तीन लिटर पाणी म्हणजे दोन-तीन किलो जास्तीचे वजन, आणि तेही हलते वजन.

३. गाडी उलाळ होते तेव्हा

पिशवी दोन किलो, बर्फ चार, मासे पाच, पाणी तीन. चौदा किलो. पट्ट्यांचा विचार करण्याआधी हे ओझे कुठे ठेवायचे ते ठरवावे लागते, कारण चुकीच्या जागी घट्ट बांधलेली पिशवी ही सैल पिशवीपेक्षा फारशी बरी नसते.

बैलगाडी भरताना मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचे पाय जमिनीला धड टेकत नाहीत. कयाकचेही तसेच. मागच्या खळग्यात ओझे वाढले की मागचे टोक पाण्यात रुतते आणि पुढचे वर येते. वर आलेल्या टोकाला वारा ढकलतो. मागचे टोक खोल असल्याने तिथेच खिळून राहते. परिणामी होडीचे तोंड वारा वाहत जातो त्या दिशेला वळू लागते आणि वल्हवणारा माणूस एकाच बाजूने वल्ही मारून दमतो. उलट ओझे पुढे जास्त असेल तर तोंड वाऱ्याकडे वळू पाहते आणि लाटांत पुढचे टोक घुसते.

यावर उपाय तोलाचा. पिशवीचे 14 किलो बसणाऱ्याच्या मागे 1.1 मीटरवर असतील, तर 14 गुणिले 1.1, म्हणजे 15.4. पुढे तेवढाच गुणाकार हवा. पुढच्या टोकाजवळ, 1.9 मीटरवर, आठ किलोची बॅटरी ठेवली की 15.2 झाले. बॅटरी नसेल तर 75 किलोच्या माणसाने आसन 20 सेंटिमीटर पुढे सरकवावे. तेवढ्याने 15 होतात. पुष्कळ कयाकमध्ये आसन पुढेमागे सरकते, आणि त्या सोयीचा खरा उपयोग हाच आहे. पाय लांब करायला ती दिलेली आहे असे समजणाऱ्यांचीच संख्या अधिक.

आडव्या दिशेचा हिशेब थोडा वेगळा निघतो. चौदा किलोची पिशवी खळग्यात 15 सेंटिमीटर एका बाजूला घसरली, तर तिचा परिणाम 75 किलोच्या माणसाने जेमतेम 3 सेंटिमीटर कलण्याइतका असतो. एवढ्याने होडी उलटत नाही. पण पिशवी शांत पाण्यात घसरत नाही. होडी आधीच कललेली असते, माणूस मासा उचलायला त्याच बाजूला वाकलेला असतो, आणि आतले बर्फाचे पाणीही त्याच बाजूला धावते. तिन्ही गोष्टी एकाच क्षणी एकाच कुशीवर येतात. तेव्हा हे तीन सेंटिमीटर महागात पडतात. म्हणून पिशवीत मोकळे पाणी कमीत कमी असावे आणि पिशवी रिकामी असली तरी खळग्यात हलता कामा नये. ती खळग्यापेक्षा लहान असेल तर दोन्ही बाजूंना फोमचे ठोकळे दाबून बसवावेत. निचऱ्याची भोके मात्र बुजू देऊ नयेत. पिशवीखाली भोके झाकली गेली की खळग्यात पाणी साचते, आणि तो बोजा कोणी हिशेबात धरलेलाच नसतो.

४. लवचीक दोरीचा भ्रम

नव्या कयाकच्या खळग्यावर कारखान्यातूनच आडवी-तिडवी लवचीक दोरी ताणून येते. बहुतेक जण पिशवी तिच्याखाली सरकवतात आणि निर्धास्त होतात. शांत पाण्यात ते चालतेही.

लवचीक दोरीचा गुण हाच तिचा दोष. ती ताणली जाते. होडी कुशीवर गेली की पिशवीचे पूर्ण वजन दोरीवर बाजूने येते, दोरी लांबते, पिशवी अर्धी बाहेर येते आणि आकड्यातून निसटते. जोर जेवढा जास्त तेवढी वाट मोठी. शिवाय उन्हाने आणि मिठाने आतले रबर मरते. वरून विणलेले वेष्टन जसेच्या तसे दिसते, त्यामुळे दोरी जिवंत आहे की मेलेली हे नुसते पाहून कळत नाही. ओढून सोडावी. झटकन परत आली नाही तर ती गेलीच म्हणून समजावे.

पिशवी धरून ठेवायचे काम न ताणल्या जाणाऱ्या चपट्या पट्ट्याला द्यावे. पट्टा पॉलिएस्टरचा असावा. नायलॉन तितकाच दणकट दिसतो, पण ओला झाला की पाणी शोषतो आणि सैल पडतो. सकाळी किनाऱ्यावर घट्ट आवळलेला नायलॉनचा पट्टा तासाभरात बोटभर ढिला झालेला असतो, याचे कारण गाठ नव्हे, पट्टा. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषत नाही आणि उन्हालाही जास्त टिकतो.

लवचीक दोरी काढून टाकायची गरज नाही. टोपी, टॉवेल, माशाची लांबी मोजायची पट्टी अशा हलक्या वस्तूंसाठी ती उत्तम आहे.

५. पट्ट्याचा कोन

समजा लाटेने पिशवीला बाजूने 20 किलोचा धक्का दिला. पट्टा आडव्या पातळीशी 30 अंशांचा कोन करत असेल तर पिशवी जागेवर ठेवायला पट्ट्यावर 23 किलोचा ताण पुरतो. कोन 45 अंशांचा असेल तर 28 किलो. 60 अंशांवर 40 किलो. आणि पट्टा सरळ उभा, म्हणजे पिशवीच्या बाजूने थेट खाली कडीत गेलेला असेल, तर तो बाजूचा धक्का मुळीच अडवत नाही. पिशवी सरकते, पट्टा तिरका होतो आणि मग कुठे काम सुरू करतो. तोवर उशीर झालेला असतो.

यावरून बांधणी आपोआप ठरते. पिशवीच्या चार कोपऱ्यांवर कड्या असतील तर त्यांतून चार पट्टे होडीच्या चार कड्यांकडे तिरके बाहेर काढावेत. पिशवीला कोपऱ्यांवर कड्या नसतील तर दोन पट्टे वरून फुलीसारखे न्यावेत. एकच पट्टा पिशवीच्या मध्यावरून आडवा टाकला तर पिशवी त्याच्याखाली गोल फिरते. दोन समांतर पट्ट्यांनी फिरणे थांबते, पण ती पुढेमागे घसरते. आणखी एक गोष्ट. पिशवीची उचलायची मूठ ही बांधायची जागा नव्हे. ती वर उचलण्यासाठी शिवलेली असते. बाजूच्या हिसक्यांनी तिची शिवण उसवते.

६. कडी कशात रोवायची?

साखळीचा सगळ्यात कच्चा दुवा बहुधा होडीच्या अंगाला जडवलेली कडी असतो. पॉलिथिनला काही चिकटत नाही. बाजारातला कुठलाही साधा डिंक त्यावर घट्ट धरत नाही, दोन दिवस धरल्यासारखे करतो. स्क्रूचेही तेच. होडीची भिंत काही मिलिमीटरच जाड आणि प्लॅस्टिक मऊ असल्याने स्क्रूचे आटे सावकाश मोठे होतात आणि एके दिवशी स्क्रू हातात येतो.

हात आतपर्यंत पोचत असेल तर नट-बोल्ट सर्वांत चांगला. आतून मोठा वायसर किंवा प्लॅस्टिकची पट्टी लावावी, म्हणजे ताण एका भोकाभोवती न साठता मोठ्या जागेत पसरतो. हात पोचत नसेल तर आत जाऊन तीन पाकळ्यांत फुलणारी रिव्हेट वापरतात. साधी रिव्हेट प्लॅस्टिक फाडून बाहेर येते, पाकळ्यांची सहसा येत नाही. बोल्टखाली समुद्रात वापरायचा सिलिकॉन लावून भोक बंद करावे. कड्या आणि बोल्ट 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. नेहमीच्या 304 स्टीलमध्ये नसणारे मॉलिब्डेनम त्यात दोन-तीन टक्के असते आणि खाऱ्या पाण्यातले बारीक खड्डे पडणे त्याने लांबते.

भोक पाडायला जीव धजत नसेल तर होडीवर आधीपासून असलेल्या मुठी, आसनाच्या कड्या आणि लांबीभर बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या खाचा वापराव्यात. निचऱ्याच्या भोकातून खाली पट्टा नेऊन बांधण्याची युक्तीही काही जण करतात. ती मजबूत असते, पण खाली उतरलेला पट्टा वाळूवर घासतो आणि किनाऱ्याला लागताना तुटतो. तात्पुरती सोय म्हणून ठीक.

७. कयाक उलटी झाल्यावर

सगळी बांधणी या एका मिनिटासाठी असते, आणि या मिनिटात काय घडते याची कल्पना बहुतेकांची उलटी असते.

चेन नीट बंद असलेली 20 लिटरची पिशवी घ्या. आत दहा किलो माल आहे, बाकी हवा आणि फोम. अशी पिशवी पाण्यात तरंगते. होडी पूर्ण पालथी पडली की पिशवी पाण्याखाली जाते, पण पाणी तिला वर ढकलते, आणि वर काय आहे? होडीचा खळगा. म्हणजे पालथ्या होडीत बंद पिशवी स्वतःहून आपल्या जागेवर दाबून बसलेली राहते. पट्ट्यांवर खरा ताण येतो तो त्याआधी, होडी आडवी कुशीवर असताना, आणि नंतर ती सरळ करताना.

आता चेन उघडी राहिली असे धरा. घाईत मासा टाकला, पुन्हा गळ टाकायची गडबड, चेन अर्धी तशीच. पिशवी पाण्याने भरते. पाण्याखाली त्या भरलेल्या पाण्याचे वजन जाणवत नाही, म्हणून माणूस फसतो. होडीच्या कडेवर जोर देऊन तो ती सरळ करू पाहतो आणि पिशवी पाण्याबाहेर येऊ लागताच वीस किलोचे ओझे हाताला लागते. त्यात पिशवी एकाच पट्ट्यावर लोंबत असेल तर ती होडीला धरून ठेवणाऱ्या नांगरासारखी वागते. दोनदा प्रयत्न फसला की थंड पाण्यात माणसाचे हात चालेनासे होतात. बकलाआधी चेन, हा क्रम याच कारणासाठी. चेन प्लॅस्टिकच्या जाड दातांची असावी, तिला बोटभर दोरीची शेपटी बांधलेली असावी आणि ती बसणाऱ्याच्या बाजूने उघडणारी असावी, म्हणजे मागे पूर्ण न वळता एका हाताने बंद करता येते.

पुढच्या टोकावरची निमुळती पिशवी या बाबतीत गैरसोयीची. ती दिसायला सुबक असते, लांब मासा तिच्यात सरळ झोपतो, पण तिच्यापर्यंत पोचायला माणसाला आसन सोडून गुडघ्यांवर पुढे सरकावे लागते. उधाणलेल्या पाण्यात ते करू नये. मोठे मासे पकडणारे अनुभवी लोक दोन पिशव्या ठेवतात. मागची कामाची, पुढची साठ्याची, आणि मासे हलवायचे ते आडोशाला शांत पाण्यात. हाताशी असलेल्या छोट्या पिशवीचा आणखी एक फायदा आहे. मासा होडीबाहेर दोरीला ओवून लोंबत ठेवायचा मोह होत नाही. हौराकीच्या पाण्यात शार्क आहेत, आणि होडीला टांगलेला रक्ताळलेला मासा म्हणजे त्यांना धाडलेले आमंत्रण.

पिशवीत टाकण्यापूर्वी मासा मारलेला असावा. जपानी मच्छीमार डोळ्याच्या किंचित मागे, वरच्या बाजूने टोकदार सळई मेंदूत घालून त्याला क्षणात शांत करतात. आता ही पद्धत जगभर पसरली आहे. तिने मांस चांगले राहते हे खरे. कयाकवर आणखी एक व्यवहारी कारण आहे. जिवंत किंगफिश उघड्या पिशवीत शेपूट आपटू लागला की पट्टे, बर्फ आणि बसणारा, तिघांचीही परीक्षा होते.

८. निरगाठ कुठे, सुरगाठ कुठे

पट्टे सुटलेच तर पिशवी वाहून जाऊ नये म्हणून एक वेगळी दोरी असते. तिचे एक टोक पिशवीच्या कडीत, दुसरे होडीच्या. पिशवीकडची गाठ निरगाठ, कायमची. होडीकडची सुरगाठ, मोकळे टोक ओढताच सुटणारी, किंवा तिच्या जागी एका बोटाने उघडणारा आकडा. कारण कधी कधी पिशवी वाचवण्यापेक्षा ती सोडून देणे शहाणपणाचे असते. पाण्याने भरलेली पिशवी होडी सरळ होऊ देत नसेल तर ती सोडलीच पाहिजे, आणि ओल्या, थंड बोटांनी निरगाठ सुटत नाही. जीवरक्षक जाकिटावर लहान सुरी ठेवायची पद्धत याचसाठी आहे.

या दोरीची लांबी ठरवताना लोक उदार होतात. नसावे. लोंबणारी पिशवी बसणाऱ्यापर्यंत पोचू नये, एवढीच दोरी. लांब दोरीचा वेढा पाण्यात पायाला बसतो, आणि लाटेतून किनाऱ्यावर येताना मागची पिशवी त्याच दोरीच्या जोरावर गोल फिरून डोक्यात बसते.

फुटत्या लाटेतून बाहेर निघताना पिशवी रिकामी असते, परतताना भरलेली. म्हणून परतण्याआधी, लाटांच्या रांगेच्या बाहेर थांबून, पिशवीतले मोकळे पाणी तळाच्या बुचातून सोडून द्यावे, चेन शेवटपर्यंत ओढावी आणि चारही पट्टे पुन्हा आवळावेत. बर्फ वितळून माल खाली बसलेला असतो, त्यामुळे सकाळचे घट्ट पट्टे आता सैल असतातच. पट्ट्यांची मोकळी टोके गुंडाळून आत खोचावीत. घरी गेल्यावर पिशवी, बकले आणि चेन गोड्या पाण्याने धुवावीत, चेनीवर मेण फिरवावे आणि पिशवी उघडी ठेवून वाळवावी. मिठाने धरलेले बकल नेमके गरज पडेल तेव्हाच उघडत नाही.

९. पाण्याच्या बाटल्यांची परीक्षा

ऑकलंड, सिडनी किंवा घरच्या कोकणात कयाक घेऊन उतरणाऱ्या वाचकाने पहिल्या मासेमारीआधी एक सकाळ यासाठी द्यावी. वाऱ्याचा जोर नसलेला दिवस, कमरेएवढे पाणी, खाली वाळू, अंगात जाकीट आणि सोबत एक माणूस. पिशवीत एक-एक लिटरच्या बारा भरलेल्या बाटल्या ठेवाव्यात, चेन बंद करावी, चारही पट्टे आवळावेत आणि मग होडी मुद्दाम उलटवावी. पिशवी किती सरकली, कोणता पट्टा ढिला पडला, होडी सरळ करायला किती जोर लागला, हे पाहावे. दुसऱ्या वेळी चेन अर्धी उघडी ठेवून पुन्हा उलटवावी. तिसऱ्या वेळी डोळे मिटून, एका हाताने, होडीकडची सुरगाठ सोडून दाखवावी. ती सुटली नाही तर त्या दिवशी गळ घरीच ठेवावा आणि गाठ पुन्हा बांधावी.